पहिली रायफल ‘दमदार’ कशाला?

गोव्यात डिचोली-सत्तरीकडे सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मुलाला नेमबाज करायचंय तर पहिलीच एअर रायफल दमदार घ्या, वाढत्या अंगाची घ्या, वर दुर्बीण लावा. लायसन्स लागत नाही, रानात पाखरांवर हात बसू दे.’ यातलं लायसन्सचं तेवढं अर्धवट खरं, बाकी सगळं चूक.

आधी दम. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण घेतलं ते १० मीटर एअर रायफलमध्ये. या प्रकारात साडेचार मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो. बाजारातल्या कित्येक स्प्रिंगच्या बंदुका याहून जोरात मारतात. पण जोर हवा तर स्प्रिंग कडक, ती ताणायला नळी खाली मोडावी लागते, त्याला ताकद जास्त आणि धक्काही जास्त. माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला आम्ही असलीच आणून दिली होती. नळी दाबताना ती दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचा मागचा भाग, मांडीत रुतवायची, ओठ दाताखाली. आठ छर्‍यांत हात थरथरायचे, पुढे घोडा ओढतानाच डोळे मिटायचे. महिन्याभरात रायफल कपाटामागे गेली. मग हलकी, मऊ स्प्रिंगची आणली. आता चाळीस छर्रे झाल्याशिवाय पोर जेवायला उठत नाही.

‘वाढत्या अंगाची’ हा हिशेब गणवेशाला ठीक. दस्ता लांब पडला की मूल कमरेतून मागे झुकतं, गाल दरवेळी वेगळ्या जागी टेकतो, नेमही तसाच हलतो. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. बोट घोड्यावर सहज पोचलं तर माप बसलं.

दुर्बीण नकोच. तिच्यात हाताची थरथर मोठी दिसते, मूल घाबरून घोडा झटकतं. १० मीटरच्या स्पर्धेत ती चालतही नाही.

आणि पाखरं. लायसन्सची सूट नळीचं भोक ०.१७७ इंचापर्यंत आणि छर्‍याचा जोर २० ज्यूलपर्यंत असलेल्या एअर रायफलीला आहे, शिकारीला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच धरतात. मुलाच्या हातून हा गुन्हा करवून घेऊ नका. त्यापेक्षा कागदावर नेम धरू दे: कागदामागच्या खोक्यात जुनी वर्तमानपत्रं गच्च भरा, मागे चिर्‍यांची भिंत हवी, पलीकडे वाट नको. नुसत्या भिंतीवर मारू नका, छर्रा उलटतो. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि छर्रे शिशाचे, म्हणून नंतर हात साबणाने धुवायचे.

भाची प्रत्येक कागदावर तारीख घालून ठेवते. जूनमधल्या कागदावर भोकं ताटभर पसरलेली, चवथीनंतरच्यावर वाटीत मावतील एवढी.