टिक केलं की पनीर

आमच्या घराण्यात शाबासकी द्यायची पद्धत नाही. मी शाळेत पहिला आलो तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं होतं, "ब तुकडीत ना?" स्वयंपाक अप्रतिम झाला, तरी आमच्याकडे "आज मीठ बरोबर पडलंय" याच्या पुढे कोणी जात नाही. अशा घरात मुलीने रस्त्यावरचं चार महिन्यांचं पिल्लू आणलं, त्याचं नाव ठकी ठेवलं आणि फर्मान काढलं: हिच्यावर ओरडायचं नाही, धपाटा घालायचा नाही. चुकली तर लक्ष द्यायचं नाही आणि बरोबर वागली की टिक करून खाऊ द्यायचा. एवढं सांगून ती नोकरीसाठी बंगळुरूला निघून गेली.

टिक करायचं यंत्र म्हणजे क्लिकर. लहानपणी जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा, पोटाखालची पट्टी दाबली की टिकटिक वाजणारा, त्याचाच हा प्लास्टिकचा शहरी नातू. ही थट्टा नाही. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली प्राण्यांना शिकवण्यावर लेख लिहिला, त्यात असलंच टिकटिकणारं खेळणं वापरायला सांगितलं होतं. पुढे कॅरन प्रायर या बाईंनी हवाईमध्ये शिट्टी आणि मासळीच्या जोरावर डॉल्फिन शिकवले, आणि तीच रीत नंतर कुत्र्यांपर्यंत आणली. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, आणि रागावलात तर तो सरळ टाकीच्या पलीकडच्या टोकाला जातो. त्यामुळे गोड बोलण्यावाचून इलाजच नसतो. हे मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग तुला मी हौदातच वाढवायला हवं होतं."

बायको निवृत्त शिक्षिका. डी.एड.ला तिने थॉर्नडाइकचं मांजर, पाव्हलॉव्हचा कुत्रा, स्किनरचा उंदीर आणि कोहलरचा चिंपांझी असं अख्खं प्राणिसंग्रहालय पाठ केलेलं. 'साधक अभिसंधान' (केल्याचं फळ मिळतं, म्हणून शिकणं) आणि 'धन प्रबलन' (बक्षीस देऊन सवय पक्की करणं) हे शब्द तिला आजही झोपेतून उठवून विचारले तरी येतात. एवढं शिकून वर्गात गेल्यावर हातात काय असायचं, हे तिचे विद्यार्थी सांगतील. मात्र ठकीने तिची नवी चप्पल फाडली तेव्हा ती तोंड घट्ट मिटून ठकीकडे पाठ करून उभी राहिली. दुर्लक्ष करायचं म्हणजे इतकं शारीरिक काम असतं, याची मला कल्पना नव्हती.

पद्धत तशी सोपी. आधी नुसतंच टिक करायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. थोड्याच वेळात कुत्र्याला कळतं, की टिक म्हणजे पनीर. मग त्याने आपणहून बूड टेकलं, की टेकलेल्या त्याच क्षणी टिक. उशीर झाला आणि तोवर ते उठलं, तर उठल्याबद्दल बक्षीस मिळतं. आणि नियम असा, की टिक एकदा वाजलं की खाऊ द्यायचाच, चुकून वाजलं तरी. तुकडे वाटाण्याएवढे हवेत. कांदा-लसूण वर्ज्य. द्राक्षं आणि मनुका तर कुत्र्यांना विषारी, म्हणून प्रसादाची वाटी वरच्या फळीवर गेली. मी कमरेला पनीरची पिशवी आणि हातात क्लिकर घेऊन पार्किंगमध्ये उतरलो, की अगदी एस.टी.चा जुना कंडक्टर दिसतो. वॉचमनकाकांनी एकदा "एक स्वारगेट द्या" म्हणून पाहिलं.

ठकी पटापट शिकली. बसणं, थांबणं, पाहुण्यांच्या अंगावर न उडणं, सगळं. अडचण तिची नव्हतीच. प्रत्येक टिकनंतर "शाब्बास, गुणाची गं माझी" असं लाडाने म्हणायचं असतं, आणि ते शब्द आमच्या तोंडून निघत नव्हते. मी "ठीक आहे" म्हणायचो. बायको "पुढे चला" म्हणायची. आई म्हणायची, "अंगावर उडत नाही यात काय मोठंसं? मीही उडत नाही."

आणि मग गॅसचा लायटर.

एका सकाळी बायकोने चहाला आधण ठेवायला लायटर दाबला. टिक! बाल्कनीत लोळणारी ठकी स्वयंपाकघरात येऊन ओट्यासमोर ताठ बसली. नियम तो नियम, पनीर द्यावं लागलं. आमचा लायटर जुना, चार-पाचदा दाबल्याशिवाय पेटत नाही. एका चहामागे चार-पाच तुकडे. दुधाचा खर्च त्या पनीरपुढे काहीच नाही.

मुलीने फोनवर उपाय सांगितला: "बाबा, लायटर वाजला तरी काही द्यायचं नाही, आपोआप विसरेल." आम्ही दगडासारखे उभे राहिलो. ठकी आधी बसली, मग आडवी झाली, मग पंजा दिला, मग भुंकली. बक्षीस बंद झालं की विसरण्याआधी प्राणी सगळं जोरात करून बघतो म्हणे. आम्ही तेही सोसलं. पण आईच्याने राहवेना. ती अधूनमधून हळूच पोळीचा तुकडा टाकायची. नेमकं हेच करायचं नसतं. कधी मिळतं, कधी नाही, अशी लागलेली सवय सगळ्यात चिवट असते. स्किनरलाही हे कळलं, ते दांडी दाबणाऱ्या उंदरांना द्यायच्या खाऊच्या गोळ्या संपत आल्या म्हणून. त्याने काटकसर केली, आणि उंदीर दांडी दाबायचं काही सोडेनात. आईने स्किनर न वाचता त्याचा सिद्धांत पुरा केला.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, आपोआप पेटणारी शेगडी घेऊ या, लायटरची कटकटच नको." दुकानात ठकीलाही बरोबर नेलं. विक्रेत्याने महागातली शेगडी पुढे ओढून बटण फिरवलं. टिकटिकटिकटिकटिक! ठकी बसली, आडवी झाली, पंजा दिला आणि माझ्या कमरेच्या पिशवीकडे बघू लागली. मी तुकडे मोजून देत होतो, तोवर त्याने दुसरा बर्नरही लावून दाखवला.

"बिनआवाजाची नाही का एखादी?" मी विचारलं.

त्याने आधी ठकीकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "काका," तो म्हणाला, "काडेपेटी घ्या. शेजारच्या किराणावाल्याकडे मिळेल."