"१८३ दिवस, टॅक्स शून्य" हा मेसेज प्लीज पुढे पाठवू नका

दोन देशांत राहून काम करणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात पाच गोष्टी सांगितल्यात: १८३ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर त्या देशात टॅक्स नाही, पगार ज्या देशातल्या खात्यात पडतो तिथलाच टॅक्स लागतो, दोन देशांत करार असला की रिटर्न एकाच ठिकाणी भरायचा, दुसरीकडचं खातं कुणाला कळत नाही, आणि वर्ष अर्धं अर्धं वाटून घेतलं की तुम्ही कुठलेच रहिवासी नाही. पाचही चूक आहेत. मी पहिल्या गोष्टीवर विश्वास ठेवून दीड वर्ष निवांत बसलो होतो आणि मग सगळं व्याजासकट भरलं, म्हणून हे लिहितोय.

१८३ दिवसांचं आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. हा आकडा दोन वेगळ्या ठिकाणी येतो आणि मेसेजवाल्याने त्याची खिचडी केलीये. एक म्हणजे प्रत्येक देशाचा स्वतःचा कायदा, टॅक्ससाठी तुम्ही तिथले रहिवासी आहात का हे ठरवणारा. तिथे १८३ च्या खालीही रहिवासी ठरता येतं. अमेरिकेत या वर्षीचे पूर्ण दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याच्या आधीच्या वर्षीचे एक षष्ठांश अशी बेरीज करतात, म्हणजे सलग तीन वर्षं दरवर्षी फक्त १२२ दिवस राहिलात तरी बेरीज बरोबर १८३ होते. ब्रिटनमध्ये आधी रहिवासी असलेल्या माणसाचे तिथे घर, कुटुंब, काम असे पुरेसे धागे शिल्लक असतील तर १६ दिवसांपासूनच प्रश्न सुरू होतो. आणि अमेरिकन नागरिक असाल तर दिवस मोजूच नका, जगात कुठेही राहा, रिटर्न भरायचाच.

दुसरं ठिकाण म्हणजे दोन देशांमधला कर करार. बहुतेक करार ओईसीडीच्या (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) नमुन्यावर बेतलेले असतात, त्यातलं पंधरावं कलम नोकरीच्या पगाराचं. तिथे सूट मिळायला तीन अटी एकदम पाळाव्या लागतात: दिवस १८३ च्या वर जाता कामा नयेत, पगार देणारी कंपनी त्या देशातली नसावी, आणि पगाराचा खर्च कंपनीच्या तिथल्या ऑफिसच्या माथी पडलेला नसावा. मेसेजमध्ये पहिलीच अट आहे, बाकीच्या दोन गायब. माझं नेमकं तिसऱ्या अटीवर अडकलं, कंपनीने माझा पगार हिशोबात तिथल्या ऑफिसवर टाकला होता आणि मला ते माहीतच नव्हतं, तेव्हा आधी एचआरला विचारा की पगाराचा खर्च कुठे लावलाय.

दिवस मोजण्यातही गोची आहे. १९९२ पासून नमुन्यात "कुठल्याही बारा महिन्यांत" असे शब्द आहेत, कॅलेंडर वर्ष नाही. समजा तुम्ही १ सप्टेंबरला गेलात आणि ३१ मार्चला परतलात. डिसेंबरपर्यंत १२२ दिवस झाले, पुढच्या वर्षी ९०, दोन्ही वर्षांत तुम्ही आकड्याच्या आत, पण सलग धरले तर २१२. करारासाठी पोचल्याचा दिवस, निघाल्याचा दिवस, शनिवार रविवार, आजारपणाची सुट्टी सगळं धरतात. मी रात्री पावणेबाराला उतरलो होतो तोही अख्खा दिवस लागला. उलट ब्रिटनच्या स्वतःच्या कायद्यात साधारणपणे मध्यरात्री तुम्ही तिथे होतात का हे बघतात. म्हणून तारखांचा एक्सेल ठेवा आणि बोर्डिंग पास टाकून देऊ नका, दोन वर्षांनी पासपोर्टवरचे पुसट शिक्के लावत बसणं फार त्रासाचं असतं.

आणि हे सगळं फक्त पगाराचं हां. घरभाडं आलं तर घर ज्या देशात आहे तो देश पहिल्या दिवसापासून टॅक्स लावू शकतो.

पगाराच्या खात्याचं थोडक्यात: खातं कुठे आहे याने काही ठरत नाही. काम करताना तुम्ही शरीराने कुठे बसला होता हे बघतात, लॅपटॉप कुठल्या कंपनीचा आहे हेही नाही.

आता करार आणि रिटर्न. करार म्हणजे दुहेरी टॅक्सपासून सुटका, रिटर्नपासून सुटका नाही. साधारणपणे होतं असं की तुम्ही जिथले रहिवासी तिथे जगभरचं उत्पन्न दाखवायचं आणि बाहेर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मागायचं. समजा १०० रुपयांवर तिकडे २० भरले आणि इकडचा टॅक्स ३० होतो, तर इकडे अजून १० भरायचे. उलट तिकडे ३० भरले आणि इकडे २० च होतात, तर क्रेडिट २० चंच मिळतं, वरचे १० सहसा परत येत नाहीत. काही करारांत क्रेडिटऐवजी ते उत्पन्न इकडे माफ असतं, पण तरीही ते दाखवावं लागतं कारण उरलेल्या उत्पन्नाला स्लॅब कुठला लागणार ते त्यावरून ठरू शकतं. क्रेडिट मागायला तिकडे टॅक्स भरल्याचा पुरावा लागतो, करारातली सवलत घ्यायला बऱ्याचदा रहिवासी असल्याचा दाखला लागतो, आणि तो शेवटच्या आठवड्यात हातात पडत नाही.

खातं कुणाला कळत नाही हे तर फारच जुनं झालं. २०१७ पासून शंभरहून जास्त देश टप्प्याटप्प्याने एकमेकांना खात्यांची माहिती आपोआप पाठवायला लागलेत: नाव, पत्ता, टॅक्स नंबर, वर्षअखेरची शिल्लक, व्याज. अमेरिका त्या व्यवस्थेत नाही, पण तिचा स्वतःचा २०१० चा फाट्का (FATCA) कायदा आहे, परदेशी बँकांना अमेरिकन लोकांच्या खात्यांची माहिती द्यायला लावणारा.

राहिलं "कुठलेच रहिवासी नाही". प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटंच होतं, दोन्ही देश तुम्हाला आपलं म्हणतात, कारण दोघांचे नियम वेगळे आणि वर्षंही वेगळी, ब्रिटनचं ६ एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियाचं जुलैत, अमेरिकेचं जानेवारीत. मग करारात दिलेल्या क्रमाने पायरी पायरीने बघायचं: कायमचं घर कुठे, दोन्हीकडे असेल तर घरचे आणि पैशाचे संबंध कुठे जास्त घट्ट, तेही ठरेना तर सहसा कुठे राहता, मग नागरिकत्व, आणि शेवटी दोन्हीकडचे अधिकारी आपसात ठरवतात. भारताने तर २०२० मध्ये नियमच केला की भारतीय नागरिक दुसऱ्या कुठल्याच देशात रहिवासी म्हणून करपात्र नसेल आणि त्याचं परदेशी उत्पन्न सोडून बाकीचं १५ लाखांच्या वर असेल तर त्याला भारताचा रहिवासी धरायचं.

हा मेसेज वाचून कुणी गेल्या वर्षीचा रिटर्न भरला असेल तर नोटीस यायची वाट बघू नका. सुधारित रिटर्नची मुदत प्रत्येक देशात वेगळी असते, ती आजच बघा, आणि दोन्ही देशांचं काम करणारा सल्लागार गाठा, कारण माझ्या पहिल्या सल्लागाराला एकाच देशाचा कायदा माहीत होता.