आंबील चांगलीच, पण संदेशात दिलेल्या कारणांसाठी नव्हे

नाचणीची आंबील रोज प्यावी असे सांगणारा एक संदेश घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत असतो. रात्रभर आंबवलेल्या पिठातील ‘जिवंत एन्झाइम’ पोटात जाऊन अन्न पचवतात, आंबवल्याने नाचणीतील कॅल्शियम तिप्पट होते, साखर संपते म्हणून मधुमेहींनी ती कितीही प्यावी आणि शाकाहाऱ्यांना बी-१२ ची गोळी लागत नाही, असे चार दावे त्यात असतात. आंबील मलाही प्रिय आहे. तिची खोटी स्तुती खटकते ती त्यामुळेच.

एन्झाइम, म्हणजेच विकरे, हे प्रथिनांचे रेणू आहेत. ते जिवंत नसतात. उष्णतेने त्यांची घडी विस्कटते आणि काम थांबते. ताकात कालवून ठेवलेले पीठ सकाळी आपण उकळत्या पाण्यात शिजवतो, तेव्हा त्यातील बहुतेक विकरे निकामी होतात, जिवाणूही मरतात, आणि जे काही उरते त्याची गाठ जठरातील आम्लाशी व प्रथिने तोडणाऱ्या पेप्सिन या विकराशी पडते. मग आंबवणे वाया गेले का? मुळीच नाही, कारण विकरांचे काम पोटात नव्हे, भांड्यातच उरकलेले असते. मोड आणलेल्या नाचणीच्या पिठात हे डोळ्यांना दिसते: त्यातील अमायलेज हे विकर पेज तापत असताना स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते, त्यामुळे पीठ जास्त घालूनही पेज पातळ राहते आणि बाळाच्या तेवढ्याच वाटीत अधिक अन्न मावते.

यावर कोणी जोकिची ताकामिने यांचे उदाहरण देईल, आणि ते अप्रस्तुत नाही. या जपानी रसायनशास्त्रज्ञाने गव्हाच्या कोंड्यावर कोजी ही जपानमध्ये अन्न आंबवायला वापरतात ती बुरशी वाढवून तिच्यापासून ‘टाका-डायास्टेज’ हे स्टार्च तोडणारे विकर तयार केले, १८९४ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट मिळवले, आणि ते पाचक औषध म्हणून खरोखर विकले गेले. परंतु ते विकर पाण्यात उतरवून अल्कोहोलच्या साहाय्याने वेगळे केलेले, वाळवलेले आणि संहत होते. ते कोणी चुलीवर उकळून घेत नव्हते. त्या भुकटीचे श्रेय वाटीभर शिजलेल्या आंबिलीला देता येत नाही.

कॅल्शियम हे मूलद्रव्य आहे. जिवाणू ते निर्माण करू शकत नाहीत. शंभर ग्रॅम नाचणीत ते साधारण ३५० मिलिग्रॅम असते आणि आंबवल्यावरही तेवढेच राहते. बदलते ती त्याची उपलब्धता. धान्यातील फायटिक आम्ल कॅल्शियम, लोह व जस्त धरून ठेवते. पीठ आंबट झाले की धान्यातल्याच फायटेज या विकराला अनुकूल स्थिती मिळते आणि ही पकड सैल होते. आंबिलीचा खरा गुण हा आहे, आणि नेमका तोच संदेशात नाही. शिवाय आंबवले म्हणजे पोषण वाढलेच असे नाही: कुरडईसाठी तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढताना कोंडा चोथ्यात जातो आणि बरीचशी खनिजेही त्याच्याबरोबर जातात.

साखरेचा दावा चटकन निकालात काढता येतो. जिवाणू पिठातील मोकळ्या शर्करेवर जगतात; स्टार्चचा मोठा भाग तसाच राहतो, आणि शिजवलेल्या पातळ पेजेतून तो रक्तात ग्लुकोज होऊन लवकर उतरतो. मधुमेह्याने आंबील भाकरीसारखीच मोजून घ्यावी.

सर्वांत घातक दावा बी-१२ चा आहे. हे जीवनसत्त्व फक्त काही जिवाणू व आर्किया (जिवाणूंसारखेच एकपेशी सूक्ष्मजीव) तयार करतात, आणि पीठ आंबवणारे लॅक्टिक जिवाणू सहसा त्यांत मोडत नाहीत. आंबिलीत ताक घातले तर थोडे बी-१२ येते खरे, पण ते दुधातून आलेले असते, आंबण्यातून नव्हे. आंबवण्याने फोलेट हे ‘बी’ गटातलेच दुसरे जीवनसत्त्व मात्र अनेकदा वाढते, आणि गोंधळ बहुधा येथूनच सुरू होतो. ज्याला बी-१२ ची कमतरता आहे त्याने डॉक्टरांनी दिलेली गोळी या संदेशाच्या भरवशावर बंद केली, तर हातापायांच्या मुंग्यांपासून सुरू होणारी मज्जातंतूंची हानी पुढे कायमची राहू शकते.