पोरगी बापाजवळ बसली म्हणून काही बिघडत नाही

भाऊबीजेला माहेरी गेले होते, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी. वेचणी सुरू होती. धाकट्या भावानं सकाळी वावरात जायला गाडी काढली, तर त्याची आठ वर्षांची पोरगी पायात चपला घालून, डोक्याला रुमाल बांधून दारात तयार. सुट्टीच्या दिवशी ती टाकीवर बसून त्याच्यासोबत जाते, धुऱ्यावर बसून भाकर खाते. त्या दिवशी तो तिच्याकडे न बघताच गेला. "आत्या, बाबा मले कावून नेत नाही आता?" तिनं विचारलं. उत्तर मला दुपारी भावाच्या मोबाइलवर सापडलं.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा मेसेज. त्यात लिहिलं होतं: प्रत्येक मुलगी बापाच्या प्रेमात असते आणि आईला वैरीण मानते, हा 'इलेक्ट्रा कॉम्प्लेक्स' मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडनं सिद्ध केलाय. म्हणून सात वर्षांनंतर बापानं मुलीला जवळ घेऊ नये. बाप नसलेल्या मुलींचे संसार टिकत नाहीत. आणि मुलगी घरातल्या पुरुषाबद्दल काही भलतं सांगू लागली, तर ती तिची कल्पना समजावी.

आधी ते 'सिद्ध केलंय'. 'इलेक्ट्रा कॉम्प्लेक्स' हे नाव फ्रॉइडचं नाहीच. ते 1913 मध्ये त्याचा एकेकाळचा सहकारी कार्ल युंगनं वापरलं आणि फ्रॉइडला ते कधीच पटलं नाही. 1931 साली, वयाच्या 75व्या वर्षी, स्त्रीच्या लैंगिकतेवरच्या निबंधात त्यानं स्पष्ट लिहिलं की मुलाबद्दलची मांडणी (मुलाचा जीव आईवर असतो आणि बापाला तो प्रतिस्पर्धी मानतो) उलटी करून मुलीला लावता येत नाही, म्हणून हे नाव नको. त्याच निबंधात तो कबूल करतो की मुलीचा पहिला आणि खोल जीव आईवर असतो. काही जणींत तो चौथ्या वर्षापर्यंत टिकलेला दिसला, एकीत तर पाचव्या. हे आपल्याला आधी नीट कळलंच नव्हतं, असंही त्यानं मान्य केलं. ज्याच्या नावावर मेसेज फिरतोय त्याचंच हे म्हणणं आहे. बाकी 'सिद्ध' म्हणाल तर फ्रॉइडच्या म्हणण्याचा मुख्य आधार व्हिएन्नातल्या मोठ्या वयाच्या रुग्णांचं बोलणं. कॅरेन हॉर्नाय या मनोविश्लेषक बाईंनी 1920च्या दशकातच त्याच्या स्त्रीविषयक मतांना आव्हान दिलं होतं.

एक मात्र मान्य करते. लहान पोरी बापाला चिकटतात, "मी बाबाशीच लगन करीन" म्हणतात. आमचीही म्हणायची. ती आजीशीही लग्न करणार होती आणि गोठ्यातल्या गोऱ्ह्याशीही. त्या वयात लग्न म्हणजे कायम सोबत राहणं, एवढंच तिला कळत होतं.

बापानं जवळ घेऊ नये म्हणे. खुद्द फ्रॉइडची धाकटी मुलगी ॲना आयुष्यभर बापाजवळ राहिली, त्याच्याच क्षेत्रात नावाजली आणि 1939 मध्ये लंडनमध्ये तो गेला तोपर्यंत तिनं त्याची शुश्रूषा केली. त्यानं तिला दूर लोटलं नव्हतं.

बाप नसलेल्या मुलींबद्दलचं वाक्य वाचून माझा जीव जळला. आमच्याच आळीत दोन घरांतले बाप कर्जापायी गेले. त्यांच्या माउल्यांनी रोजानं निंदण-वेचण करून पोरी शिकवल्या. त्याच ग्रुपवर त्या माउल्याही आहेत. मेसेज पुढं ढकलताना एकालाही हे आठवलं नाही?

पण सगळ्यात घातक आहे तो शेवटचा मुद्दा, पोरीचं सांगणं कल्पना समजावी हा, आणि तो पार हवेतून आलेला नाही. 1896 मध्ये फ्रॉइडनं मांडलं होतं की त्याच्या रुग्णांच्या आजाराचं मूळ लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचारात आहे. पुढच्याच वर्षी, 21 सप्टेंबर 1897 च्या पत्रात, त्यानं मित्र फ्लीसला कळवलं की आता त्यावर आपला विश्वास उरलेला नाही. तिथून भर गेला तो मनातल्या कल्पनांवर. तरीही असे अत्याचार घडतच नाहीत, असं तो कधी म्हणाला नाही. मेसेजनं मात्र तसा सरसकट नियमच करून टाकला. आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा आहे. 18 वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही कळवलं नाही, तर तो गुन्हा ठरतो. मुलांसाठी 1098 हा मदतीचा फुकट नंबर आहे. घरच्या माणसांनी पोरीचं म्हणणं कल्पना म्हणून उडवून लावायचं, तर ती त्या नंबरपर्यंत पोचणार कशी?

आता मेसेजमधले दोन मुद्दे शेजारी ठेवून बघा. पोरीला बापापासून दूर करा, आणि ती काही सांगू लागली तर खरं मानू नका. शाळेच्या वाटेवर, नात्यात, शेजारात कुणी तिला त्रास दिला, तर ती सांगणार कुणाला? टाकीवर बसून वावरात जाताना लेकरं किती काय काय सांगतात. ती जागाच आपण काढून घेतोय.

संध्याकाळी हे सगळं भावाला ऐकवलं. बराच वेळ तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "पण ताई, ग्रुपवर लिवलं होतं का डॉक्टरनं सांगितलं म्हणून."

"कोणत्या डॉक्टरनं? नाव हाय त्याचं?"

नाव नव्हतं. मी म्हटलं, "मंग उद्या तिले घेऊन जा. ती रुमाल उशाशी घेऊन झोपली हाय."