मैत्री करावी तर तैनाती फौजेसारखी

महासत्ता व्हायचंय ना तुम्हाला? मग अणुबॉम्ब, विमानवाहू जहाजं वगैरे खरेदीच्या यादीत खाली ढकला आणि आधी वडोदऱ्याला या. फतेगंजात चहाच्या टपरीवर उभे राहा. इथे इंग्रजांचा कँप होता. या शहरात त्यांनी राज्य कधीच केलं नाही, मैत्री केली.

पहिली गोष्ट, मुलूख जिंकू नका. जिंकला की दुष्काळ आपला, रस्ते आपले, शिव्याही आपल्याच. त्यापेक्षा भाऊबंदकीनं पोखरलेलं एखादं घर हेरा. १८०२ साली वडोदऱ्याचे राजे आनंदराव गायकवाड आणि त्यांचे भाऊबंद, कडीचे मल्हारराव, यांच्यात जुंपली होती. कंपनी सरकारला कळवळा आला आणि मेजर वॉकर फौज घेऊन आनंदरावांच्या मदतीला धावले. मग ती फौज राहिलीच, हीच ती तैनाती फौज. तिच्या खर्चासाठी गायकवाडांनी मुलूख तोडून दिला. म्हणजे बंदूक तुमची, काडतुसं तुमची, हुकूम तुमचा, पगार मात्र त्याच्या तिजोरीतून. रक्षण नेमकं कोणापासून, हे मित्रानं विचारायचं नसतं.

मित्राकडे पैसे नसतील तर कर्ज द्या. फ्रान्सनं १८२५ साली आपल्या जुन्या वसाहतीच्या, हैतीच्या, किनाऱ्यावर युद्धनौका उभ्या केल्या आणि मालकांच्या नुकसानीबद्दल १५ कोटी फ्रँक मागितले. नुकसान कसलं, तर गुलाम स्वतंत्र झाले! हैतीनं पहिला हप्ता भरायला पॅरिसच्याच सावकारांकडून कर्ज काढलं. पुढे रक्कम ९ कोटींवर आणली, म्हणजे मनाचा मोठेपणाही पदरात पडला.

आता रेसिडेंट, म्हणजे मित्राच्या दरबारी बसवलेला आपला प्रतिनिधी. हा सल्ला देतो, आणि सल्ला मानला नाही तर काय होतं ते १८७४ मध्ये दिसलं. वडोदऱ्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड सापडली, आळ तेव्हाच्या महाराजांवर, म्हणजे दुसऱ्याच एका मल्हाररावांवर, आला. (याच मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवून घेतल्या होत्या. दिसायला फक्कड; रेसिडेंटापुढे काडीचा उपयोग नाही.) चौकशीसाठी आयोग नेमला, त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी सदस्य म्हणाले सिद्ध झालं नाही. तीनास तीन! लहान राज्य असतं तर इथे अडलं असतं. सरकारनं विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरकारभारासाठी महाराजांना गादीवरून उतरवलं. हे घोटून घ्या: आरोप टिकला नाही तर कारण बदला, शिक्षा तीच ठेवा. सामूहिक संहाराची शस्त्रं आहेत म्हणून २००३ मध्ये इराकवर चालून गेलेल्यांना ती सापडली नाहीत, तरी त्यांचं काही अडलं का?

मित्राला मानही द्या, पण मोजून. बडोद्याला सलामीच्या २१ तोफा, इंदूरला १९. त्या दोन तोफांच्या फरकात माणसं इतकी गुंततात की छावणीकडे लक्षच जात नाही. हल्ली तोफांऐवजी सुरक्षा परिषदेच्या खुर्च्या असतात: पाच जणांना कायमची जागा आणि नकाराधिकार, बाकीच्यांनी दोन-दोन वर्षांसाठी रांग लावायची. एखादा सयाजीराव १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे जेमतेम वाकून पाठ फिरवतो, तेव्हा लंडनच्या वर्तमानपत्रांना दंगा करू द्या. खुलाशाचं पत्र येतंच.

छावणीची जागा मात्र भाड्यानं घ्या, बळकावली असं कोणी म्हणत नाही. क्युबातल्या ग्वांतानामो या अमेरिकी तळाचं भाडं वर्षाला ४,०८५ डॉलर. क्युबा ते चेक वटवत नाही, पण अमेरिका नेमानं पाठवते, आणि दोघांची संमती असल्याशिवाय करार संपत नाही. सभ्य माणसं! ब्रिटननं तर १९६५ मध्ये मॉरिशसपासून चागोस बेटं वेगळी काढली, १९७३ पर्यंत तिथली माणसं हलवली आणि दिएगो गार्सिया अमेरिकेच्या तळाला दिलं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हे बेकायदा ठरवलं. मग २०२५ च्या करारात बेटं मॉरिशसला परत द्यायचं ठरलं, तळ ९९ वर्षं ठेवून. वडोदऱ्याच्या जुन्या दिवाणांना हा मसुदा वाचताना एकदाही अडखळायला झालं नसतं.

एक धोका आहे. हे सगळं तुम्ही दांडिया बाजारात, इंग्रजांना चार शिव्या हासडत, तावातावानं सांगत असाल आणि शेजारी एखादा काठियावाडी बसला असेल, तर आवाज खाली आणा. पावसाळा सरला की गायकवाडांची फौज दरसाल काठियावाडात खंडणीला जायची. मुलूखगिरी म्हणायचे तिला. खंडणी दिली नाही तर काय व्हायचं, हे त्याच्या घरात कोणीतरी सांगितलेलं असतं. १८०७ मध्ये त्याच वॉकरसाहेबांनी आकडा ठरवून दिला, १८२० पासून वसुलीही इंग्रजच करू लागले, आणि पैसे वडोदऱ्याला बिनबोभाट येत राहिले. ते नकोत असं आपल्या बाजूनं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. त्यानं हा विषय काढलाच तर ‘तो काळच वेगळा होता’ म्हणा आणि दोन प्लेट सेव उसळ मागवा. बिल त्याला देऊ द्या.