‘सरकार देतंच की’ म्हणणाऱ्यांसाठी

एप्रिल लागला की आमच्या परभणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो चौघांनी पाठवला, त्यातला एक माझा सख्खा साडू. मजकूर थोडक्यात असा: अग्निशमनचा माणूस ड्युटीवर असताना मेला तर सरकार घरच्यांना कोटभर रुपये आणि बायकोला नोकरी देतं, मग त्या घरासाठी वर्गणी कशाला? तसे जवान मरतात ते मुंबईत, आपल्याकडं कडबा जळतो. इथले तर सगळं जळाल्यावर येतात. आणि गोळा झालेला पैसा गोळा करणारेच खातात.

मी एका नगरपरिषदेच्या आस्थापना विभागात कारकुनी केली आहे. म्हणून पहिल्या मुद्द्यावर जरा जास्त बोलणार.

‘सरकार देतं’ हे खोटं नाही. जवान कायम असेल तर ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, गटविमा हे हक्काचं आहे. नोकरीचं मात्र तसं नाही. अनुकंपा म्हणजे नेमणुकीचं पत्र नव्हे, प्रतीक्षासूचीतलं नाव. पद रिकामं व्हायला हवं, वरच्यांचे नंबर लागायला हवेत, मग आपला. त्याआधी वारस दाखला, बाकी वारसांचं ना-हरकत. सासू-सुनेचं बिनसलेलं असलं तर फाईल तिथंच बसली.

आमच्याकडं बंबावरचा एक ड्रायव्हर गेला. त्याच्या सेवापुस्तकात नामनिर्देशन लग्नाआधीचं, आईच्या नावावर. आई वारलेली. बायकोचं नाव रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं. त्रुटी काढून तिचे कागद मी दोनदा परत पाठवले. नियमाप्रमाणं बरोबरच होतं ते. पहिला पैसा तिच्या हातात पडायला आठ महिने लागले, आणि मधल्या जूनमध्ये पोरांच्या शाळेची फी स्टेशनवरच्या पोरांनी खिशातून भरली. हे मला नंतर कळलं. वर्गणी कशाला लागते, तर त्या आठ महिन्यांना.

कंत्राटी जवानाचं याहून अवघड. बंब तोच, पाईप तोच, धूर तोच, पण अनुकंपा नाही. ईएसआयत, म्हणजे कामगार राज्य विम्यात, नाव नसेल तर उरते ती कर्मचारी भरपाई. तिचं सूत्र 1923 च्या कायद्यापासून चालत आलेलं: मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक. पगार कितीही असो, 15,000 च्या वर धरत नाहीत. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक 207.98. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, झाले 15,59,850 रुपये. कोटीला बरंच अंतर राहिलं. तेवढ्यासाठीही दावा करावा लागतो. ठेकेदारानं हात वर केले तर काम करून घेणाऱ्या नगरपरिषदेलाही जबाबदार धरता येतं, पण हे त्या घरात कोण सांगणार? म्हणून नुसती पाकिटं देण्यापेक्षा कागद समजणारा एक माणूस सोबत धाडा, असं मी आता म्हणतो.

राहिलं ‘जिथं सरकार देतं तिथं दान कशाला’ हे. अमेरिकेत 1976 च्या कायद्यानं अशा कुटुंबांना केंद्र सरकारकडून रक्कम मिळते. तरी तिथल्याच संसदेनं 1992 मध्ये मृत अग्निशामकांच्या स्मरणासाठी आणि घरच्यांसाठी वेगळी धर्मादाय संस्था उभी केली. ब्रिटनमध्ये असा मदतनिधी 1943 पासून आहे.

आता ‘ते मुंबईत’. खरं आहे, 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन मुंबईवरूनच आला. 1944 मध्ये गोदीतल्या फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली, दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे 66 जण गेले. पण ते विझवत काय होते, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. कापूस. स्फोटकांच्या जोडीला कापसाच्या गाठी भरल्या होत्या. गाठीची आग आत धुमसते, वरून मारलेलं पाणी वरच राहतं. परभणी-जालन्याकडच्या कुठल्याही जिनिंगवाल्याला विचारा, गाठ फोडून विझवल्याशिवाय ती विझत नाही हे तो झोपेतसुद्धा सांगेल. मुंबईतच 2015 च्या मे महिन्यात काळबादेवीच्या आगीनं दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी नेले. एवढ्या मोठ्या दलाचे प्रमुख जिथं वाचत नाहीत, तिथं तालुक्याच्या एका बंबावरच्या चौघांचा जीव काय स्वस्त आहे? 2023 च्या 31 डिसेंबरला पहाटे वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात सहा कामगार गेले. तेव्हा त्या धुरात शिरणारेही मराठवाड्यातलेच होते.

‘जळाल्यावर येतात.’ येतात, कधीकधी. याचं उत्तर बंबावरच्या माणसाकडं मागू नका. राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात अग्निशमन हे शहरी संस्थांचं काम म्हणून लिहिलेलं आहे. ग्रामपंचायतींच्या अकराव्या परिशिष्टातल्या 29 विषयांत ते नाहीच. त्यामुळं गावात गंजी पेटली की तालुक्यावरून गाडी निघणार, वीस-पंचवीस किलोमीटर, तीही आपल्या रस्त्यांवरून. ‘दिवसभर कॅरम खेळायलेत’ असं म्हणणारे मी ऐकलेत. विहिरीत पडलेली म्हैस काढायला, पुरात अडकलेला माणूस आणायला हेच कॅरमवाले लागतात.

पैसे खाण्याचा आरोप मात्र मी झटकत नाही. पावती न देता डबा फिरवणारे आहेत, मी पाहिलेत. उपाय अवघड नाही. नोंदणी नसलेल्यांनी वर्गणी काढायची तर धर्मादाय आयुक्तालयाची कलम 41 क ची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. ती दाखवा म्हणा. नाहीतर सरळ त्या बाईच्या खात्यावर टाका, नाहीतर पोरांच्या नावावर मुदत ठेव करा. मधला माणूसच काढून टाका. वर्गणीच बंद करा, हे कुठलं औषध?

आपल्याकडं 14 एप्रिल म्हणजे भीमजयंती, आणि रस्त्यावर तीच दिसणार, दिसायलाच हवी. ज्या स्टेशनशी माझा संबंध होता तिथं सकाळी सातला गाडी धुऊन उभी करत, दोन मिनिटं गप्प उभं राहत आणि तीच गाडी घेऊन मिरवणुकीच्या बंदोबस्ताला जात. भाषण कोणी करत नसे.

साडूला मी यातलं काही पाठवलं नाही. तोही नोकरदार माणूस. सेवापुस्तकात तुमचं नामनिर्देशन कोणाच्या नावावर आहे, एवढंच विचारलं. ‘बघून सांगतो’ म्हणाला. आज चौथा दिवस.