हत्ती कुठाय?

सोलापूरचे पाहुणे रविवारी पहाटे सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईत उतरतात आणि चहा संपायच्या आत जाहीर करतात, "उद्या एलिफंटा!" उद्या सोमवार. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. हे मी दर खेपेला सांगतो, आणि दर खेपेला भावजींना वाटतं की मी रजा वाचवतोय.

मग मंगळवारी निघायचं. गेटवेवरून लाँचला तासभर लागतो. वरच्या डेकचे पैसे वेगळे, ते द्यावेत. खाली डिझेलचा वास आणि लाटा एकदम लागल्या की मावशींचे पोहे धोक्यात येतात. नौदलाची जहाजं, जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या असं सगळं बघत, मुंबई दाखवायला निघालेला मी पाहुण्यांना रायगड जिल्ह्यात, तालुका उरण इथे उतरवतो. म्हणून ग्रामपंचायतीचा कर वेगळा आणि पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं.

धक्क्यापासून छोटी आगगाडी आहे. रांग बघावी आणि चालावं.

पुढे १२० पायऱ्या. चढायला दहा मिनिटं, पण दोन्ही बाजूंना माळा, टोप्या आणि दगडी कासवं असल्यामुळे मावशींना पाऊण तास. खरेदी उतरताना करायची असते, कारण हातात पिशवी दिसली की माकड ती तपासतं. काकडी आणि सरबताची बाटली तर ते आपलीच समजतं.

आणि इतकं करून माणसं लेण्यात चार मिनिटं थांबतात! उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना काही दिसतच नाही. उत्तरेच्या दाराशी खांबाजवळ पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. खांबाला टेकायचं नाही, घामट हातांनी दगड काळवंडतो. हळूहळू समोर, दक्षिणेच्या भिंतीत, अठरा फुटांहून उंच तीन मुखं अंधारातून पुढे येतात. भावजी लगेच म्हणतात, "ब्रह्मा, विष्णू, महेश." अभ्यासकांच्या मते तो सदाशिव, तिन्ही मुखं शिवाचीच. आपल्या डाव्या हाताला मिशीवाला उग्र अघोर, मधे शांत तत्पुरुष, उजवीकडे कमळ घेतलेला, बायकी चेहऱ्याचा वामदेव. हे ऐकेपर्यंत भावजी सेल्फीसाठी पाठ फिरवून उभे असतात.

"ते सगळं ठीक," मावशी विचारतात, "पण हत्ती कुठाय?"

बेटाला पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून नाव दिलं तो दगडी हत्ती भायखळ्याला आहे. १८६४ साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना पडून फुटला. तुकडे राणीबागेत आले, १९१४ मध्ये जोडले गेले. आता तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

"मग उद्या तिकडे," भावजी म्हणतात. परतीची गाडी उद्या रात्रीची.

उद्या बुधवार. राणीबाग आणि संग्रहालय, दोन्ही बुधवारी बंद.